रिकामा घाट

भिंगबाईंना कोणी हसून नमस्कार केला, की त्या आधी मागे वळून बघायच्या, आपल्या पाठीमागे काय शिजतंय म्हणून. स्वभावच तसा. रेल्वे कंपनीच्या वाहतूक खात्याच्या त्या मुख्य होत्या, आणि त्या खात्यात भोळ्या माणसाचं कामही नाही हो. मालाची वाघीण, म्हणजे मालगाडीचा डबा, भलत्याच स्टेशनावर 'चुकून' उतरते, ती चुकून उतरत नसते. गाडी 'धुक्यामुळे' उशिरा येते, त्या दिवशी धुकं पडलेलंच नसतं. असल्या कितीतरी लबाड्या पकडत पकडतच बाई त्या खुर्चीपर्यंत पोचल्या होत्या. घरी वाट बघणारं कोणी नव्हतं. नवरा केव्हाच गेलेला, मूलबाळ नाही. जे काही होतं ते त्या खुर्चीत होतं. भिंगबाई हे नाव आपल्याला ठेवलं कोणी, याचाही त्यांनी एकदा रीतसर तपास केला. निघाला कोण, तर त्यांचा सख्खा थोरला भाऊ!

हा भाऊ त्याच कंपनीत होता, विजेच्या इंजिनांच्या शेडचा प्रमुख. सगळी शेड त्याला दादा म्हणायची, बाईही दादाच म्हणायच्या. आवाज असा की शेडच्या या टोकाला हसला की त्या टोकाची कबुतरं उडायची. माणूस प्रेमळ, पण लबाड. लहानपणी पत्त्यांत हुकमाचा एक्का मांडीखाली दाबून बसायचा. मोठा झाला तरी खोड गेली नाही. गेल्याच वर्षी त्याने एक चांगलं चालतं इंजिन 'मेलं' म्हणून मुख्य कचेरीला कळवलं, त्याचे सुटे भाग काढले आणि त्यावर दुसरी आजारी इंजिनं उभी केली. सुटे भाग मागून मिळत नव्हते हे खरं, पण खोटं ते खोटंच. बाईंनी त्याला पकडलं आणि वर कळवलंही. महिनाभर भाऊ-बहीण एकमेकांशी बोलत नव्हती. मग दादाच एक दिवस येऊन म्हणाला, "चिमे, चहा टाक. भांडून कंटाळा आला." बाईंनी चहा टाकला, पण तो पिऊन जाईपर्यंत हा नेमका कशासाठी आला असेल, हेच त्यांच्या डोक्यात फिरत राहिलं.

तर अशा या दोघांच्या कंपनीवर त्या वर्षी एक संकट आलं. कंपनीचा मार्ग एकच. वर डोंगरात खाणी, खाली बंदर, आणि मधे घाट. घाटापुरती विजेची तार, घाटाच्या अलीकडे-पलीकडे डिझेल. त्यामुळे प्रत्येक गाडीचं इंजिन वाटेत दोनदा बदलायचं. आता तार जुनी झाली होती, खांब गंजले होते, इंजिनं म्हातारी झाली होती. पुढे वाटा दोनच. एक तर तार नवी करून बंदरापासून थेट खाणीपर्यंत न्यायची, नाहीतर घाटातलीही उतरवून भंगारात घालायची आणि सगळीकडे डिझेल आणायचं. दोन्हींना बँकेचं मोठं कर्ज लागणार, आणि ते एकदाच मिळणार. चुकलं तर कंपनी जन्माची चुकली. आणि डिझेल आलं तर दादाची शेड बंद. हाताखालच्या माणसांना नव्या इंजिनांवर घेणार होते, पण दादाच्या वयाच्या माणसाला डिझेलच्या कारखान्यात कोण बसवून घेणार?

कंपनीचे अध्यक्ष म्हणजे थोरले साहेब. सुकलेल्या खारकेसारखा माणूस, बोलणं तोलून-मापून. ते म्हणाले, "ज्याला त्याला आपलंच बाळ गोरं दिसतंय. मला चाचणी हवी. घाट तोच, ओझं तेच. एकदा विजेच्या इंजिनाने न्या, एकदा डिझेलच्या. एकाने वीज किती खाल्ली, दुसरं तेल किती प्यालं, मोजा आणि सांगा. आणि ही चाचणी भिंग... म्हणजे, बाई, तुम्ही घ्या."

कोणीतरी हळूच म्हणालं, "पण साहेब, त्यांचा भाऊच तर..."

"म्हणूनच," थोरले साहेब म्हणाले. "ही बाई भावालासुद्धा सोडत नाही, हे आपण गेल्या वर्षी पाहिलंय."

झालं! ही तारीफ बाईंच्या डोक्यात जी जाऊन बसली ती बसलीच. तोंडावर काही दाखवलं नाही, पण त्या दिवसापासून त्या दादाकडे जास्तच रोखून बघायला लागल्या.

विजेचं बिल आजवर सगळं एकत्र यायचं. घाट, कारखाना, बंदरातल्या क्रेन, स्टेशनांचे दिवे, सगळ्यांची एकच मोट. त्यातून घाटाचा वाटा किती हे देवालाही सांगता आलं नसतं. म्हणून घाटाच्या पायथ्याच्या वीजघरात बाईंनी चाचणीसाठी वेगळा मीटर बसवून घेतला. तो स्वतः उभं राहून बसवला, स्वतः सील केला, आणि सील करणाऱ्याच्या हातांकडे शेवटपर्यंत बघत राहिल्या.

डिझेल इंजिनांच्या कंपनीचा माणूस त्या दिवसांत कचेरीत येऊन-जाऊन असायचा. सगळे त्याला नुसतं डिझेलवाला म्हणायचे. बाईंनी त्याच्यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवली. पण त्याच्यात काही सापडेच ना. भेटवस्तू नाही, जेवणाचं आमंत्रण नाही, चहा दिला तर तोही नको म्हणायचा. विचारलं तेवढं सांगायचा, आपल्या इंजिनाचे दोषसुद्धा न लपवता सांगायचा. बाईंना हा माणूस आवडला. आयुष्यभर त्यांनी सगळ्यांवर संशय घेतला, आणि विश्वास टाकायला नेमका हाच मिळाला! आता काय म्हणावं?

एक दिवस दुपारी बाई अचानक कंट्रोलमध्ये शिरल्या. घाटात कुठली गाडी केव्हा सोडायची हे त्या खोलीतून ठरायचं. तिथला मुख्य एक मिशीवाला होता, दादाचा जुना दोस्त. भिंतीवरच्या मोठ्या फळ्यापाशी दोघं डोक्याला डोकं लावून कुजबुजत उभे होते. बाईंच्या चपलांचा आवाज झाला आणि दोघंही गप्प.

"काय चाललंय?" बाईंनी विचारलं.

"काही नाही गं," दादा म्हणाला. "याच्या मिशीला कात्री लावावी का, यावर चर्चा चाललीय."

मिशीवाला हसला, पण त्याचे कान लाल झाले. बाईंनी ते बरोबर टिपलं. इथे पाणी मुरत होतं. दादा गेल्यावर त्यांनी खुर्ची ओढली आणि मिशीवाल्यासमोर ठाण मांडून बसल्या. तो बिचारा किती वेळ टिकणार?

"दादा एवढंच म्हणाले हो," तो शेवटी बोलला, "की चाचणीच्या दिवशी जोडी मोडू नकोस. वरून खनिजाची गाडी नेहमीसारखी सोड."

जोडी ही त्या घाटातली जुनी रीत. घाटात दोन मार्ग होते, एक चढायचा, एक उतरायचा. खाणीतून खनिजाने भरलेली गाडी उतरायची, तेव्हाच खालून दुसरी गाडी चढायची. विजेचं इंजिन उतारावर मोटारी उलट्या कामाला लावून वेग आवरायचं. त्यात वीज तयार व्हायची, ती तारेत जायची आणि चढणारं इंजिन तीच खायचं. म्हणून कंट्रोलमध्ये दंडकच होता, की जोडी जमल्याशिवाय कोणाला घाटात सोडायचं नाही. बाईंना ही रीत ठाऊक होती, पण गाड्या खोळंबण्याचं एक कारण म्हणून. वीज परत मिळते वगैरे त्यांनी शेडमध्ये ऐकलं होतं आणि शेडवाल्यांच्या बढाया म्हणून सोडून दिलं होतं.

आता मात्र त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अस्सं! म्हणजे चढणार दादाचं इंजिन आणि त्याचा अर्धा घास दुसरीच गाडी भरवणार. मीटरवर दिसणार थोडंसंच. वा रे वा!

त्याच आठवड्यात डिझेलवाला भेटायला आला. नियमांबद्दल त्याचं काही म्हणणं नव्हतं. "तुम्ही ठरवाल ते," म्हणाला. उठला, दारापर्यंत गेला, आणि तिथे जरा घुटमळून म्हणाला, "फक्त त्या दिवशी घाटात दुसरी गाडी नसली तर बरं. उगाच कोणी मागाहून बोट ठेवायला नको. अर्थात, तुम्हाला मी काय सांगणार!"

बाईंनी तेव्हाच हुकूम काढला. चाचणीच्या दोन्ही दिवशी घाट पूर्ण रिकामा. एक इंजिन, एक गाडी, बाकी चिटपाखरू नको.

दुसऱ्या संध्याकाळी दादा घरी आला. बाई मटार सोलत बसल्या होत्या. एरवी तो येता येताच मूठभर दाणे तोंडात टाकायचा. आज हातही न लावता समोर बसला.

"चिमे, घाट रिकामा करू नकोस."

"का रे? रिकाम्या घाटात तुझ्या इंजिनाला भीती वाटते का?"

"विनोद मी करतो, तू करू नकोस. ऐक. विजेचं इंजिन कधी एकटं नसतंच. ते तारेला जोडलेलं असतं आणि त्याच तारेला बाकीची सगळी. तू एकटंच चढवलंस तर सगळी वीज बाहेरून घ्यावी लागेल. आणि उतरणारी गाडी जी तयार करते, ती तुझ्या मोजणीत येणारच नाही. अगं, दहा माणसांच्या चुलीवर एकाचा स्वयंपाक करायचा आणि म्हणायचं, चूल परवडत नाही!"

"आणि डिझेलच्या मदतीला कोण येणार? त्याला नको वाटतं जोडीदार?"

"त्याला जोडीदाराकडून घेता येतच नाही! तेच तर सांगतोय मी!"

बाई त्याच्या बोटांकडे बघत होत्या. बोटं गुडघ्यावर ताल धरत होती. घाबरलाय, त्यांनी मनात म्हटलं.

"मग हे मला आधी येऊन का नाही सांगितलंस? तिकडे कंट्रोलमध्ये कुजबुजत का होतास?"

"कारण तुला सांगितलं असतं, तर तू म्हणाली असतीस, दादा काहीतरी लबाडी करतोय."

"मग?"

"मग काय? म्हणतेच आहेस की!"

बाईंना क्षणभर हसू आलं, पण त्यांनी ते गिळलं. "गेल्या वर्षी जिवंत इंजिन मेलं म्हणून सांगितलंस, तेव्हाही असाच तळमळून बोलत होतास."

"तेव्हा खोटं बोलत होतो."

"आणि आत्ता?"

"आत्ता खरं बोलतोय."

"हे मला कसं कळायचं, दादा? चेहरा तोच, आवाज तोच."

दादा ताडकन उठला. "कर तुला काय करायचंय ते! माझ्या इंजिनांचं भंगार होईल ना, तेव्हा ये, आणि लाव तुझं भिंग आणि बघ बसून!"

दार आपटून गेला. बाईंना वाटलं, खाई त्याला खवखवे. खरा असता तर एवढा का चिडला असता? पण खरं बोलणाऱ्यावर कोणी विश्वास ठेवला नाही, तर तोच सगळ्यात जास्त चिडतो. एवढी साधी गोष्ट त्या हुशार बाईला त्या दिवशी सुचली नाही.

चाचणी झाली. आधी विजेचं इंजिन. भरलेली गाडी घेऊन ते म्हातारं असं सरसर चढून गेलं की बघणाऱ्यांच्या तोंडून शाबास निघालं. पण वीजघरात मीटरचा काटा जो वर जाऊन बसला, तो गाडी माथ्याला पोचेपर्यंत हलला नाही. दुसऱ्या दिवशी डिझेल. ते धापा टाकत, काळा धूर ओकत, रडतखडत चढलं. पण तेल प्यालं ते डिझेलवाल्याने सांगितलं होतं तेवढंच. त्या दिवसांत तेल स्वस्त होतं. हिशोब सरळ होता, डिझेल जिंकलं. दादा दोन्ही दिवस पायथ्याशी उभा होता, पण बहिणीकडे त्याने एकदाही बघितलं नाही. डिझेलवाला जिंकूनही हसला नाही, हात मिळवायलाही आला नाही. बाईंना तेही सभ्यच वाटलं. त्यांनी आपली शिफारस लिहून थोरल्या साहेबांकडे पाठवून दिली.

संचालकांच्या बैठकीच्या आदल्या दिवशी दुपारी वीजघरातून फोन आला. "बाई, तुमचा तो मीटर काढून न्या बुवा. बिघडला बहुतेक. काटा उलटा फिरतोय."

बाई खुर्चीतून उडाल्याच. काटा उलटा! केलंन! दादाने मीटरला हात लावलान! चाचणी हरला, म्हणून आता मीटरच खोटा होता असं बैठकीत दाखवणार. पण आपणही कच्च्या गुरूच्या चेल्या नाही. रंगेहाथ पकडायचा म्हणून कोणाला न सांगता त्या जीप घेऊन थेट वीजघरात पोचल्या.

सील पाहिलं. शाबूत. तारा पाहिल्या. जशाच्या तशा. मीटरमागे बोट घालून पाहिलं, तर नुसती धूळ, कोणाचा हात लागल्याची खूण नाही. आणि समोर काटा होता तो खरोखरच शून्याच्या मागे गेलेला.

"घाटात आत्ता काय आहे?" त्यांनी विचारलं.

"नेहमीचंच. जोडी. खनिजाची भरलेली उतरतीय, रिकाम्या वाघिणींची चढतीय."

काट्यावरची नजर न काढता बाईंनी कंट्रोलला फोन लावला. "उतरणारी गाडी मधल्या स्टेशनात थांबव."

"का हो बाई?" मिशीवाल्याने विचारलं.

"थांबव म्हणते ना!"

थोड्याच वेळात काटा थरथरला, शून्य ओलांडून वर निघाला आणि चाचणीच्या दिवशीसारखाच वर जाऊन बसला. "सोड," त्या फोनमध्ये म्हणाल्या. गाडी सुटली, काटा खाली आला. त्यांनी पुन्हा थांबवायला लावली. पुन्हा वर. आणखी एकदा सोडायला लावली. पुन्हा खाली. मिशीवाल्याला वाटलं असणार, बाईंचं डोकं फिरलं.

लबाडी शोधायला आलेल्या बाईंना मीटरमध्ये लबाडी सापडली नाही. सापडली ती आपलीच करामत. साप साप म्हणून त्यांनी भुई धोपटली होती, आणि त्या धोपटण्याखाली सापडला होता सख्खा भाऊ. तो अक्षर न अक्षर खरं बोलला होता. शरमेने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. वीजघरातल्या माणसांना दिसू नये म्हणून त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

संध्याकाळी त्या दादाच्या घरी गेल्या. घरी म्हणजे दारापर्यंत. आत वहिनीचा आवाज येत होता, दादा खोकत होता. कडीला हात घातला आणि मनात आलं, बैठकीच्या आदल्या संध्याकाळी भावाच्या घरी गेलेलं कोणी पाहिलं तर? त्या तशाच मागे फिरल्या. एवढं होऊनही खोड जाते का बघा!

बैठक सकाळी भरली. लांबलचक टेबल, टेबलाच्या टोकाला थोरले साहेब, भिंतीशी डिझेलवाला मांडीवर हात ठेवून बसलेला. बँकेची मुदत त्याच दुपारी संपत होती. बाई उभ्या राहिल्या आणि आडपडदा न ठेवता म्हणाल्या, "माझी चाचणी चुकली. घाट रिकामा करायला नको होता. उतरणाऱ्या गाडीची वीज चढणाऱ्या गाडीला मिळते, ती मी मोजलीच नाही. काल मी स्वतः बघून आले. चाचणी पुन्हा घ्या. जोडीने घ्या."

थोरल्या साहेबांनी चष्मा काढला. "परवापर्यंत तुम्हाला डिझेल हवं होतं. आज वीज हवी. मधे काय झालं, बाई?"

"सांगितलं ना, मी वीजघरात..."

"त्यानंतर कुठे गेला होतात? काल संध्याकाळी तुम्ही तुमच्या भावाच्या दारात उभ्या होतात म्हणे."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. टेबलाभोवतीचे सगळे त्यांच्याकडे बघत होते, आणि ती नजर बाईंच्या चांगल्या ओळखीची होती. आजवर त्यांनी ती दुसऱ्यांवर रोखली होती.

"मी आत गेले नाही," त्या म्हणाल्या. पण ते त्यांना स्वतःलाच खोटं वाटलं. "दादाने मला चाचणीच्या आधी सगळं समजावून सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही. त्यालाच विचारा."

दादाला बोलावलं. इतर खात्यांच्या प्रमुखांबरोबर तो बाहेर बाकावर बसला होता. आज इस्त्रीचा सदरा घालून आला होता. थोरल्या साहेबांनी त्याला सरळच सांगितलं, "तुमची बहीण म्हणते, तुम्ही तिला आधी सावध केलं होतं आणि तिने ऐकलं नाही. हे खरं का? हो म्हणालात तर मी बँकेकडे मुदत मागतो, आणि चाचणी पुन्हा होईल. पण सांगूनसवरून असली चूक करणारी बाई माझ्याकडे राहणार नाही. आजच्या आज घरी. नाही म्हणालात तर मी आत्ता डिझेलवर सही करतो. बोला."

दादाने बहिणीकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली. सांग. हो म्हण. खुर्ची गेली तर जाऊ दे, पण सांग. असं त्या डोळ्यांनी इतकं स्पष्ट बोलल्या की टेबलाच्या त्या टोकालाही ऐकू गेलं असतं.

"नाही," दादा म्हणाला.

"काय नाही?"

"मी काही सांगितलं नव्हतं. चाचणी नियमाने झाली. माझी काही तक्रार नाही." मग तो आपल्या नेहमीच्या मोठ्या आवाजात हसला. "बहिणीची माया हो, साहेब! शेड बंद होणार म्हणून हिचा जीव तुटतोय. तुम्ही मनावर घेऊ नका."

"दादा!" बाई ओरडल्या.

"बसा, बाई," थोरले साहेब म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला होता. "माणूस आहात. होतं असं." आणि त्यांनी सही केली.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. तार उतरवली, खांब कापले, दादाची इंजिनं एकामागून एक भंगारात गेली. पुढे तेल महागलं आणि महागतच गेलं. घाट चढताना डिझेलची तीन-तीन इंजिनं लावावी लागली. मग तार कोणी काढली, का काढली, याच्या चौकशा बसल्या. शेवटी कंपनीच दुसऱ्यांच्या ताब्यात गेली. ज्या खुर्चीसाठी हे सगळं झालं, ती खुर्ची तेवढी बाईंकडे शेवटपर्यंत राहिली. पण हा झाला मागाहूनचा हिशोब. बाईंना जन्मभर जे बोचत राहिलं, ते त्याच सकाळी जिन्यावर घडलं.

बैठक संपली तशा त्या धावतच बाहेर आल्या. दादा जिना उतरत होता.

"दादा, थांब! मी जायला तयार होते! नुसतं हो म्हणायचं होतंस. तुझी शेड वाचली असती, कंपनी वाचली असती. का केलंस असं?"

दादा अर्ध्या जिन्यात थांबला, वर बघून जरासा हसला.

आणि ते हसू बघून बाईंच्या मनात, इतक्या सगळ्यानंतर, वीजघरात भिंतीकडे तोंड करून रडल्यानंतरही, तेच आलं जे आयुष्यभर आलं होतं. कोणी स्वतःच्या पायावर धोंडा उगाच पाडून घेत नाही. याला यात काय मिळालं?

मनात आलं ते आलं, पण तोंडातूनही गेलं. "काय दिलं तुला त्या डिझेलवाल्याने?"

दादाचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळ्यांतून ते निघून गेलं. त्याने कठड्यावर हात ठेवला.

"तुला पटेल असं सांगू, चिमे? हो. घेतलं मी. भरपूर घेतलं. झालं समाधान?"

आणि खोटं कशाला सांगू, बाईंना हायसं वाटलं. एकच क्षण, पण वाटलं. लहानपणापासून ओळखीचा होता तोच हा लबाड दादा, कोडं सुटलं, आता आपल्याला काही वाईट वाटून घ्यायला नको. ते हायसं वाटणं त्यांच्या तोंडावर उमटलं आणि दादाने ते पाहिलं. तो थट्टा करत होता. "चल, काहीतरीच काय बोलतोस," एवढं ऐकायला तो तिथे थांबला होता. थोडा वेळ वाट बघून त्याने मान हलवली, आणि कठड्याला धरून हळूहळू उरलेला जिना उतरून गेला.